पुढचा बाक

पोयाना गावात ताबिताच्या जुळ्यांना नावानं हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. नावं तशी छान होती, पावेल आणि सिला. चर्चच्या पाळक इओसिफनीच सुचवलेली, बेड्या घातलेल्या असताना तुरुंगात स्तोत्रं गाणाऱ्या पवित्र शास्त्रातल्या त्या दोन सेवकांची. पण पोरं पळायला लागली तेव्हा गावाला आठवलं, की त्या गोष्टीत भूकंपही झाला होता आणि तुरुंगाची दारं निखळून पडली होती. झालं. 'भूकंप' हेच नाव पडलं. दुकानदारीण त्यांना लांबून येताना पाहिलं, की अंड्यांचे ट्रे वरच्या फळीवर सरकवायची आणि म्हणायची, "या, या. आज कोणती भिंत पाडायचीय?"

ताबिता हसायची. दुसरं काय करणार? पोरं अडीच वर्षांची, नवरा दोरिन सकाळीच शहरातल्या वेल्डिंगच्या कारखान्यात जाणारा, आणि घर सासूचं. सासू सावेता म्हणजे चर्चच्या मंडळीतली मान्यवर बाई. सात मुलं वाढवलेली, त्यातली अर्धीअधिक नवऱ्यामागं एकटीनं. डोक्याला काळा रुमाल, चाल ताठ. "माझी सातही जणं बाकावर मेणबत्तीसारखी बसायची," हे ती दर रविवारी एकदा तरी म्हणायची. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला छडीसारखा एक लवचीक फोक टांगलेला असे. तो कशाला, हे कुणी विचारत नसे.

प्रार्थनामंदिरात लहान मुलांच्या आयांसाठी मागं एक काचेची खोली होती. आत कर्णा लावलेला, पण त्यातून प्रवचनापेक्षा खरखरच जास्त यायची. पोरं एकमेकांच्या अंगावर लोळायची, आया बिस्किटं वाटायच्या आणि भाजीच्या भावाच्या गप्पा मारायच्या. ताबितानं मुलं झाल्यापासून एक प्रवचन धड ऐकलं नव्हतं.

मेच्या शेवटी बाप्तिस्म्याचा रविवार आला. व्यासपीठापुढच्या फळ्या काढून खालचा हौद उघडला होता, कोमट पाणी भरलं होतं. पाळक इओसिफ कमरेइतक्या पाण्यात उभे. पांढऱ्या झग्यातली तरुण मुलंमुली रांगेत. ताबिता काचेच्या खोलीत पावेलची ओली चड्डी बदलत होती. तेवढ्यात तिची मैत्रीण दामारिस बाहेर जायला निघाली, दार क्षणभर उघडं राहिलं. ताबितानं मान वर केली तेव्हा काचेपलीकडे मधल्या वाटेवरून दोन डोकी पळत होती. एकाच्या अंगावर चड्डी नव्हती.

सिला थांबलाच नाही. सरळ पाण्यात गेला.

पाळकांनी त्याला कॉलरला धरून वर काढलं. काठावर उघडा पावेल दोन्ही हात पुढं करून ओरडत होता, "मी पण, मी पण." चर्चच्या पितळी बँडमधला सर्वांत मोठा भोंगा वाजवणारा माणूस त्या भोंग्यातच हसला, आणि तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

उपासना संपल्यावर अंगणात कोर्नेलभाऊ ताबितापाशी आले. ते मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एक, दाराशी उभं राहून लोकांना बसवायचं काम त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता. त्यांना शिस्त आवडायची, एवढंच.

"ताबिताताई, राग मानू नका. पण पोरांना वळण लागेपर्यंत तुम्ही घरीच बसा. हल्ली फोनवर उपासना घरबसल्या दिसते."

"किती दिवस, कोर्नेलभाऊ?"

"ते तुमच्या हातात आहे."

सावेता दोन पावलांवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं. घरी आल्यावर तिनं दारामागचा फोक काढला आणि ताबिताच्या ताटाशेजारी ठेवला.

"मी सातांना वाढवलंय," ती म्हणाली. "मंडळीत मला कधी मान खाली घालावी लागली नव्हती. घे."

आणि ताबितानं तो घेतला. दुसऱ्या दिवशी पोरांनी पिठाचं पोतं उलटं केलं, त्यात पाणी ओतलं आणि कोंबडीला आत बसवलं. पावेलच्या पोटरीवर तिनं दोन फोक दिले. "प्रभू बघतोय," ती म्हणाली. सावेता असंच म्हणायची, दोरिननं तिला सांगितलं होतं. पावेल रडला, मग गप्प झाला. मग सकाळभर तो इतका शहाण्यासारखा वागला की सावेतानं मटार सोलता सोलता नुसतं "बघितलंस?" म्हटलं.

दुपारी ताबिता कपडे वाळत घालत होती. खुराड्यामागून बारीक आवाज आला. तिनं चादर बाजूला करून पाहिलं. पावेलच्या हातात एक काटकी होती. सिला उकिडवा बसला होता, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. पावेल त्याच्या पाठीवर मारत होता आणि प्रत्येक फटक्याला, अगदी तिच्याच आवाजात म्हणत होता, "प्रभू बघतोय. प्रभू बघतोय." सिला रडतही नव्हता. हे असंच असतं, असं समजून बसला होता.

 ताबितानं काटकी काढून घेतली आणि तिथंच कोंबड्यांच्या घाणीत बसली. दोघांना जवळ ओढलं.

"पावेल, सकाळी आईनं तुला मारलं. आईचं चुकलं. मला माफ करशील?"

पावेलनं खूप विचार केला. मग पोटरी दाखवून म्हणाला, "लागलं."

"हो रे. लागलं."

त्यानं नाक तिच्या गालाला पुसलं आणि चिखल उकरायला निघून गेला. माफी झाली असं तिनं धरलं.

सावेता खिडकीतून पाहत होती. ताबिता आत आली ती सरळ चुलीपाशी. झाकण उचलून तिनं फोक आत टाकला.

"हे काय करतेस?"

"आई, आता ह्या घरात पोरांना फोक नाही."

"कुणाच्या घरात?"

"घर तुमचंच आहे. पोरं माझी आहेत."

"आणि पोराची माफी मागतेस? ती उद्या डोक्यावर बसतील तुझ्या."

"बसू देत. पण त्यांना माफी मागताना कुणालातरी बघू दे. नाहीतर शिकणार कुठून?"

संध्याकाळी दोरिन घरी आला आणि दोन गप्प बायकांच्या मधे बसून मक्याच्या पिठाची मामालिगा खाऊ लागला. डोळे ताटात. शेवटी सावेताच म्हणाली, "सांग तुझ्या बायकोला. तुला फोक मिळाला तर काय वाईट झालं तुझं?"

दोरिननं चमचा ठेवला. तो बोलायला सावकाश. "वाईट काही नाही झालं, आई. पण त्या बाकावर बसून मी काय ऐकलं, त्यातलं एक अक्षरही आठवत नाही. तुझा हात कुठं आहे, एवढंच आठवतं."

सावेता उठली आणि कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर गेली. कोंबड्यांना दाणे मघाशीच घालून झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून ताबितानं घरीच उपासना सुरू केली. जेवणानंतर दोन बुटकी स्टुलं मांडायची, एक गाणं, एक गोष्ट, छोटीशी प्रार्थना. पहिल्या आठवड्यात पोरं गाणं संपेपर्यंतही टिकत नसत. एक सुटला की ती उठायची, त्याच्याजवळ गुडघ्यावर बसायची, त्याचा चेहरा दोन्ही हातांत घ्यायची आणि म्हणायची, "आता बसायचं. मग पळायचं." आणि परत आणायची. पुन्हा सुटला, पुन्हा आणायची. कधी तिचा तोल जायचा, आवाज चढायचा. मग तीच म्हणायची, "आई ओरडली. आईचं चुकलं." सगळ्याला 'नाही' म्हणण्याचं वय ते. म्हणून ती विचारायची, "बसून गायचं की उभं राहून?" त्यात 'नाही'ला जागाच नव्हती. सिला दर वेळी उभं राहून गायचा, छाती काढून, बँडवाल्यासारखा. स्वयंपाकघरात सावेता भांडी जरा जास्तच आपटायची.

जूनमध्ये मंदिर झाडायची पाळी ताबिताची आली. रिकाम्या मंदिरात पोरांना मोकळं सोडून ती झाडत होती. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की फारच शांत आहे. तिनं धसकून पाहिलं. दोघं पहिल्या बाकावर पाय हलवत बसले होते आणि व्यासपीठाकडे, मागच्या मोठ्या क्रुसाकडे, भिंतीला टेकवलेल्या त्या भोंग्याकडे बघत होते. ताबिता झाडू टाकून काचेच्या खोलीत गेली आणि फरशीवर आडवी झाली, पोरांच्या डोळ्यांची उंची येईपर्यंत. तिथून तिला काय दिसलं? बाकांच्या पाठी. रविवारी त्यावर माणसांच्या पाठी असणार, कोट, रुमाल. बास. ती तशीच पडून हसायला लागली. दोन वर्षं ती पोरांवर चिडत होती, की समोर बघत नाहीत.

त्या आठवड्यात ती वडीलजनांच्या बैठकीला गेली. बायका तिथं सहसा बोलायला जात नसत. चहा ठेवायला जात.

"पुढचा बाक?" कोर्नेलभाऊ म्हणाले. "व्यासपीठासमोर? म्हणजे पुन्हा पाण्यात उडी मारायला?"

"हौद झाकलेला असतो, कोर्नेलभाऊ."

पाळक इओसिफनी मिशीवरून हात फिरवला.

"भाऊ," ताबिता म्हणाली. "त्या आया मुलांना घेऊन प्रभूकडे आल्या, तेव्हा शिष्यांनी त्यांना मागं हटवलं. प्रभू रागावला. कुणावर रागावला? आयांवर नाही. पोरं गडबड करत होती, असंही कुठं लिहिलेलं नाही, पण करत असणारच. पोरंच होती ती. त्यानं त्यांना जवळ घेतलं. काचेमागं नाही बसवलं."



"आणि रडायला लागली तर?" कोर्नेलभाऊंनी विचारलं.

"बाहेर नेईन."

"हं."

"आणि शांत झाली की परत आणीन."

"परत?"

"परत."

पाळकांनी निर्णय दिला. कापणीच्या सणापर्यंत बघू. त्या दिवशी शेजारच्या गावांतल्या मंडळ्या येतात, पाहुणा प्रवचनकार येतो, तेव्हा गडबड चालायची नाही. तोपर्यंत जमलं तर जमलं.

पहिल्या रविवारी जमलं नाही. पावेलनं बाकाची कड चाटली. सिलानं प्रार्थनेच्या मधे मोठ्यानं विचारलं, "संपलं?" आणि तरुण पोरांची एक अख्खी ओळ खांदे हलवत हसली. ताबिता एकाला काखोटीला मारून मधल्या वाटेनं बाहेर गेली, सगळ्यांच्या नजरांमधून. अंगणातल्या अक्रोडाखाली त्याला छातीशी धरून बसली, त्याचा श्वास खाली येईपर्यंत. मग त्याच वाटेनं परत आत. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. म्हाताऱ्या बायकांच्या बाजूला सावेता समोर बघत बसली होती, मान एवढी ताठ की रुमालाची गाठसुद्धा हलत नव्हती.

पुढच्या रविवारी थोडं बरं. त्यापुढच्या रविवारी वाईट. मग एकदा पावेलनं आख्खं गाणं म्हटलं, दुसरंच, पण सुरात. दामारिस एका सकाळी आपल्या मुलीला घेऊन आली आणि ताबिताला म्हणाली, "सरक. मला तिथं खरखर ऐकून कंटाळा आला." नंतर आणखी एक आई आली. बाकावर जागा पुरेना. काचेच्या खोलीत एक आजोबा एकटेच जाऊन बसू लागले, त्यांना तिथं झोपायला बरं पडायचं.

ऑगस्टमध्ये उकाड्यानं सगळीच पोरं किरकिरी झाली होती. सिलानं भोकाड पसरलं. ताबिता त्याला घेऊन तिसऱ्यांदा बाहेर पडली. पावेल बाकावर एकटा राहिला, त्याचा खालचा ओठ पुढं यायला लागला. आता हाही सुटणार, हे दारातून ताबिताला कळलं, पण हातात दुसरा होता.

तेवढ्यात म्हाताऱ्यांच्या बाजूनं काळा रुमाल उठला. सावेता सगळं मंदिर ओलांडून पुढं आली आणि पावेलच्या शेजारी बसली. मारायला नाही, धरायलाही नाही. नुसती बसली, हात मांडीवर.

पावेलनं तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आजी, इथून दिसतं."

"दिसतं रे बाबा," सावेता म्हणाली.

सप्टेंबरात आलुबुखारांचा मुरंबा घालायचे दिवस आले. अंगणात मोठी कढई चढवून दोघी सासूसुना बिया काढत बसल्या होत्या. पोरं जवळच चिकट हातांनी एकमेकांना रंगवत होती.

"माझी सातही मेणबत्तीसारखी बसायची," ती म्हणाली.

ताबितानं हातातलं काम चालू ठेवलं.

"आज कोण येतं त्यातलं? दोरिन. बाकीची चर्चची पायरी चढत नाहीत. सणाला फोन करतात तेही घड्याळ बघत. आणि आउरिका तेवढंही नाही. थोरली. अठरा पूर्ण झाली त्या रविवारी बाकावरून उठली ती गेलीच. लांब तिमिशोआरा शहरात असते. तिला मी सगळ्यात जास्त मारलं. थोरली म्हणून."

कढईतला मुरंबा फदफदत होता. सावेतानं एक बी काढली, मग दुसरी.

"माफी कशी मागतात गं? म्हणजे सुरुवात कशी करतात?"

ताबिताला रडू येत होतं, पण ही वेळ तिच्या रडण्याची नव्हती. "काय केलं ते आधी सांगायचं, आई. मग चुकलं म्हणायचं. आणि 'पण' म्हणायचं नाही."

"'पण' नाही?"

"नाही. पुढं काही नाही लावायचं."

सावेता हात पुसून आत फोनपाशी गेली. ताबितानं पोरांना घेतलं आणि बागेच्या टोकाला जाऊन बसली, तिथवर ऐकू येत नाही म्हणून. मुरंबा खाली लागू नये म्हणून मधे एकदा येऊन ढवळून गेली. आत सासूचा आवाज अडखळत चालला होता, थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. बऱ्याच वेळानं सावेता बाहेर आली. चेहरा धुतल्यासारखा.

"आउरिकाताई काय म्हणाल्या?"

"काही म्हणाली नाही." सावेता पायरीवर बसली. "पण फोन ठेवला नाही. मी बोलत होते तोवर ठेवला नाही."

कापणीच्या सणाला मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठाखाली भोपळे, द्राक्षांचे घड, मक्याची कणसं, वेणीसारखे विणलेले पाव. बँडवाल्यांनी पितळ घासून घासून चमकवलं होतं. पहिले दोन बाक मुलांनी आणि आयांनी भरलेले. ताबितानं सकाळीच पोरांना सगळं सांगून ठेवलं होतं, आधी काय होणार, मग काय होणार, भोंगा कधी वाजणार, जेवण कधी. अनोळखी गोष्टीनं पोरं बिथरतात, हे ती आता पुरतं शिकली होती.

पाहुण्यांतली एक तरुण बाई तान्ह्यापेक्षा थोडं मोठं मूल घेऊन मागं उभी होती. ते रडायला लागलं तशी ती ओशाळून दाराकडे वळली. कोर्नेलभाऊ आडवे आले. ताबितानं मान वळवून पाहिलं. पुन्हा तेच, असं तिच्या मनात आलं.

"बाहेर कुठं निघालात, ताई?" कोर्नेलभाऊ म्हणाले. "पुढं चला. पुढं पोरांना दिसतं." आणि स्वतः वाट काढत तिला पहिल्या बाकापर्यंत घेऊन आले. ताबिताकडे न बघता म्हणाले, "सरका जरा." त्यांचे कान लाल झाले होते.

मग लहानग्यांची पाळी आली. प्रत्येकाला एक ओळ. पावेल आणि सिला हात धरून व्यासपीठावर चढले आणि मंदिरात कुजबूज झाली, भूकंप, भूकंप. पावेल म्हणाला, "प्रभूनं द्राक्षं दिली." स्वच्छ, शेवटपर्यंत. सिला मात्र भोंग्याकडे बघत राहिला. मंदिर थांबलं. ताबितानं ओठही हलवले नाहीत, हात मांडीवर घट्ट धरून बसली. भावाकडे बघून पावेलनं विचारलं, "सिला, बसून म्हणायचं की उभं राहून?"

"उभं," सिला म्हणाला, आणि छाती काढून ओरडला, "आणि आई दिली."

ओळ तशी नव्हती. 'आणि पाव दिला' अशी होती. पण पाळक इओसिफ पहिले "आमेन" म्हणाले, मग सगळी मंडळी म्हणाली, आणि बँडवाल्यानं, कुणी सांगितलेलं नसताना, भोंग्यावर एक लांब सूर काढला. ताबिताला वाटलं, छप्पर वर उचललं जातंय. तिला खरंच तसं वाटलं.

त्याच गलक्यात दार उघडलं. करड्या कोटातली, केस कापलेली, पन्नाशीची एक बाई आत आली आणि उंबऱ्याशीच थांबली. कोर्नेलभाऊंनी तिला क्षणभर ओळखलं नाही. मग ओळखलं. ते बाजूला झाले.

सावेता पहिल्या बाकावर होती, मांडीवर दामारिसची मुलगी. तिनं मागं वळून पाहिलं आणि तशीच राहिली. मग तिनं मुलीला ताबिताकडे दिलं आणि बाकावर सरकली, जागा नव्हती तिथं सरकली, इतकी की कडेची बाई जवळजवळ खाली पडली. आउरिका मधल्या वाटेनं चालत आली. तिच्या बुटांचा आवाज येत होता. ती आईच्या शेजारी बसली. दोघी समोर बघत राहिल्या. थोड्या वेळानं सावेतानं तळहात उघडा करून मांडीवर ठेवला, आणि आउरिकानं त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहून आपला हात त्यात ठेवला.

ताबितानं त्या दिवशी आख्खं प्रवचन ऐकलं. मुलं तिच्या अंगावर लवंडली होती, एकाचा बूट तिच्या कुशीत रुतत होता, आणि तरी पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत तिनं ऐकलं.

जेवणं अंगणात होती, लांबच लांब टेबलांवर. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या सारमाल्यांची वाफ, मुलांची पळापळ. आता पळायची वेळ होती. आउरिकानं सिलाला अडवून विचारलं, "काय रे, प्रवचन कसं होतं?"

"लांब," सिला म्हणाला आणि पळाला.

आउरिका हसली, आणि तिच्याबरोबर सावेताही, तोंडावर हात न घेता. ताबितानं सासूला असं हसताना प्रथमच पाहिलं. कोर्नेलभाऊ ताट घेऊन चालले होते, त्यांना सावेतानं हाक मारली.

"कोर्नेलभाऊ, पुढं जागा कमी पडते. आज माझी शेजारीण पडता पडता वाचली."

"सुताराला सांगितलंय," कोर्नेलभाऊ म्हणाले. "दोन बाक. बुटके."